शिडाची होडी, सहा जण आणि मांडव्याचा एक मुक्काम: काय काळजी घ्यावी?

घाटमाथा
मंडळी, प्रश्न सातारकराला शोभणारा नाही, पण विचारतोच. कॉलेजातला एक मित्र मुंबईत असतो. त्याची आणि अजून तिघांची भागीदारीत एक तीस फुटी शिडाची होडी आहे. इंजिन आहे, पण ते म्हणे अगदीच नाइलाज झाला तर. जानेवारीत आम्ही पाच जण साताऱ्याहून जाणार, सहावा तो. शनिवारी दुपारी मुंबईहून निघायचं, मांडव्याला नांगर टाकून रात्री होडीतच झोपायचं, रविवारी परत. त्याने आधीच बजावलंय, "पाहुणे म्हणून येऊ नका, खलाशी म्हणून या. दोऱ्या ओढाव्या लागतील."

आमचा अनुभव म्हणाल तर बामणोलीहून वासोट्याला जाताना लॉन्चमध्ये बसलोय. संपला. बायकोला पुण्याहून येताना खंबाटकी घाटात पिशवी लागते. एक मित्र सातारा हिल मॅरेथॉन धावतो, त्याला वाटतं त्याला काहीच होणार नाही. सासूबाईंनी डिसेंबर २०२४ ची गेटवेची बातमी काढून ठेवली आहे, नौदलाची स्पीडबोट घारापुरीच्या लॉन्चला धडकली होती ती. रोज एकदा आठवण करून देतात.

तर काय घालावं, काय खावं, काय करू नये, आणि रात्री 'जायचं' असेल तर कुठे जायचं, हे जाणकारांनी सांगावं.

कंदीपेढा
सातारकर आणि समुद्र! वेण्णा ओलांडली की आम्हाला परदेश लागतो. धागा वाचनखुणेत टाकला आहे.

सरखेल
@कंदीपेढा, असं बोलू नका हो. कान्होजी आंग्र्यांना सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, साताऱ्याच्या शाहू महाराजांनीच कायम केली. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ मध्ये पडले आणि आरमार छत्रपतींच्या बाजूला आलं. म्हणजे कागदोपत्री समुद्र आपलाच आहे.

कंदीपेढा
कागदोपत्री ठीक आहे. पोटातलं काय?

काहीलवाला
आम्ही सांगली भागातले. माझे आजोबा गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून कृष्णा पार करायचे. गूळ करायची ती मोठी लोखंडी कढई. तिला ना नाळ, ना सुकाणू, वल्हं मारलं की आधी गोल फिरते आणि मग पुढं जाते. आजोबांचा नियम एकच होता, काहिलीत कुणी उभं राहायचं नाही, आणि बसायचं ते मधोमध. तुमच्या तीस फुटीलापण तोच नियम लावा लगा. जास्त शिकायची गरज नाही.

किनारा
मूळचा रेवदंड्याचा, नोकरीमुळे वीस वर्षं मिरजेत. जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे घाटमाथा यांनी होडी कसली आहे ते मित्राला विचारावं. तीस फुटी म्हणजे बहुतेक कीलबोटच असणार, खाली शिशाचं किंवा लोखंडाचं वजन असलेली. ती वाऱ्याने बरीच कलते, डेकची एक कड पाण्याला टेकायला येते, आणि पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं आता उलटणार. ते वजन तिला परत सरळ करत असतं. छोटी डिंगी उलटते, ती उलटवून परत सरळ करायला शिकवतातच. म्हणून कलली की ओरडू नका. पाय समोर टेकवून वरच्या बाजूला बसा.

दुसरं, बूम. शिडाच्या खालच्या कडेला डोलकाठीपासून मागे आलेला आडवा दांडा. वारा मागून असताना होडीने दिशा बदलली की हा दांडा या बाजूचा त्या बाजूला सणकन जातो. मध्ये डोकं आलं तर डोकं फुटतं. नांगर, वादळ, शार्क याला लोक घाबरतात. मनोरंजनासाठी होडी चालवणाऱ्याला खरी इजा बूम, दोरी आणि ओल्या डेकवर घसरणं यांनी होते. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, ओरडला की आधी डोकं खाली, मग 'काय झालं' विचारायचं.

तिसरं, दोरी. शिडाच्या दोरीत वाऱ्याची ताकद असते, ती तुमच्या हाताच्या मापाची नसते. दोरी कधीही मनगटाला किंवा तळव्याला वेढा देऊन धरू नये. विंचवर (दोरी ओढायच्या फिरत्या ड्रमवर) गुंडाळलेली दोरी सोडताना बोटं ड्रमपासून लांब. अंगठी काढून ठेवा. दोरीच्या वेटोळ्यात पाय ठेवून उभं राहू नका. बोटं चपलेबाहेर राहतील असे सँडल नकोत. पांढऱ्या किंवा फिक्या रबरी तळाचे बूट घाला, काळ्या तळाचे डेकवर डाग पाडतात आणि होडीवाला मनातल्या मनात शिव्या घालतो.

निवांत
किनारा, बाकी सगळं पटलं. पण लाइफ जॅकेटचं नाव नाही घेतलंत.

किनारा
ते लिहायची वेळच येऊ नये असं वाटलं होतं. घालायचं, धक्का सोडायच्या आधी.

विहिरीतला_सूर
इथं मात्र माझा वेगळा विचार आहे. आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, नंतर कृष्णेच्या पुरात सूर मारले. ज्याला पोहता येतं त्याने जानेवारीच्या शांत पाण्यात दिवसभर ते जॅकेट घालून शिजत बसायचं कशाला? जवळ ठेवलं तरी पुरे.

आयर्विन_४५
विहिरीतला_सूर, मीपण सांगलीचाच, माझ्या नावातच धोक्याची पातळी आहे. (बाहेरच्यांसाठी: आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं.) त्या पुरात ब्रह्मनाळला काय झालं ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला लागत नाही. बचावाची होडी उलटली, तिच्यात माणसं जास्त झाली होती. पाण्यात पडलेल्यांत पट्टीचे पोहणारेही असणार. विहिरीला कठडा असतो, चार हात मारले की पायरी लागते. पाणी वाहतं असलं की चार हातांनी काही होत नाही.

आणि जवळ ठेवलेलं जॅकेट कुठं असतं? त्यावर कुणीतरी बसलेलं असतं.

विहिरीतला_सूर
बसलेलं असतं हे खरं आहे. मी स्वतःच बसलोय.

डॉक्टरीणबाई
पोहणाऱ्यालाही जॅकेट लागतं त्याचं कारण सांगते. बूम लागून किंवा घसरून पडलेला माणूस शुद्धीवर असेलच असं नाही. असला तरी अचानक पाण्यात पडल्यावर पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, तो पाण्याखाली ओढला गेला तर पोहण्याचं ज्ञान तिथंच संपतं. जॅकेटने तोंड पाण्यावर राहतं. मापाचं घ्या. खांद्याला धरून वर ओढून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमचं नाही. मांडीच्या मधून जाणारा पट्टा असेल तर तो बांधा, लाजू नका. शिट्टी आहे का बघा. फुगणारं जॅकेट मिळालं तर त्यातली गॅसची नळकांडी घट्ट पिळलेली आहे ना हे मालकाला दाखवायला सांगा.

आता घाटमाथा यांच्या मिसेसबद्दल. गाडी लागणाऱ्याला होडी लागेलच असं नाही, पण धरून चाला. गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. एस. टी.च्या प्रवासात घराघरांत घेतात ती ॲव्होमिन झोप आणते, आणि पेंगलेला माणूस डेकवर धोकादायक. म्हणून आधी एकदा घरी रविवारी घेऊन बघा. आणि उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही, ती पोटात टिकतच नाही. निघायच्या तासभर आधी. आदल्या रात्री जागरण आणि तिखट मटण नको. उपाशीपोटी तर मुळीच जाऊ नका, कोरडी भाकरी किंवा बिस्किटं खाऊन जा. सुंठ किंवा आल्याचा तुकडा चघळला तर काहींना बरं वाटतं.

हळदीचा_भाव
सातारकराला 'आदल्या रात्री मटण नको' हे सांगणं म्हणजे अर्धी सहल रद्द.

कंदीपेढा
+१

सुकाणू
मी मुंबईत असताना आठ-नऊ वर्षं दर हिवाळ्यात दुसऱ्यांच्या होड्यांवर हात लावायला जायचो. आता कऱ्हाडला. डॉक्टरीणबाईंच्या यादीत एक भर: ज्याला मळमळतंय त्याच्या हातात सुकाणू द्या. खरंच. कान आणि डोळे एकमेकांशी भांडत असतात म्हणून मळमळतं. सुकाणू धरणाऱ्याला नजर क्षितिजावर ठेवावीच लागते आणि पुढची लाट कशी येणार हे शरीराला आधी कळतं. गाडी चालवणाऱ्याला कधी गाडी लागते का? तसंच. आणि केबिनमध्ये खाली जाऊ नका, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. डेकखाली डिझेलचा वास आणि डुलणारी भिंत, पाच मिनिटांत निकाल.

बाकी मला सहलीपेक्षा सहा जणांची काळजी वाटते. होडीवर भांडण वाऱ्याने होत नाही, न बोलल्याने होतं. निघायच्या आधी धक्क्यावर पंधरा मिनिटं बसून हे ठरवा:

निर्णय कुणाचा? होडीवर एकच तांडेल. मित्र असला, तुमचा लग्नातला करवला असला, तरी दोरी सोडून बांधेपर्यंत त्याचं ऐकायचं. चर्चा मांडव्याला, चहावर.

त्यालाच काही झालं तर? इंजिन कसं चालू करायचं, शीड कसं उतरवायचं, व्हीएचएफवर, म्हणजे होडीवरच्या रेडिओवर, १६ नंबरचं चॅनेल कसं लावायचं हे अजून एकाला तरी येत असलं पाहिजे. हे विचारायला लोक लाजतात. लाजू नका. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा.

कुणी पाण्यात पडलं तर? जो पहिला बघेल त्याने ओरडायचं, जवळची रिंग फेकायची, आणि मग एका माणसाने फक्त बोट दाखवत राहायचं. बाकी काही नाही. लाटांमध्ये डोकं नारळाएवढं दिसतं, नजर हटली की सापडत नाही. मागोमाग उडी कुणीही मारायची नाही. होडी वळवून आणायची ती तांडेल बघेल, माणूस जवळ आला की इंजिनाचा पंखा थांबलेला हवा. आणि वर कसं घेणार ते आधीच बघून ठेवा. तीस फुटी होडीचा काठ पाण्यातून बघितला की भिंत वाटते. मागे शिडी असते, ती उघडते का हे धक्क्यावरच तपासा.

कंदीपेढा
शिडाच्या होडीला शिडी विसरू नये. कोरून ठेवावं असं वाक्य.

सुकाणू
आणि शेवटचं. एक परवलीचा शब्द ठरवा. ज्याला भीती वाटतेय, मळमळतंय, किंवा नुसतं नको वाटतंय, त्याने तो शब्द म्हणायचा आणि कुणीही 'का' विचारायचं नाही. तांडेलाने शीड कमी करायचं किंवा परत फिरायचं. पुरुषमंडळी विशेषतः दोन-दोन तास गप्प बसतात, चेहरा हिरवा होतो तरी 'मजा येतेय' म्हणतात.

हळदीचा_भाव
परवलीचा शब्द: खंबाटकी.

घाटमाथा
मंजूर! बायकोने हसत हसत मान्य केला आहे.

वाईची_लेक
बहुतेक पुरुषच बोलतायत म्हणून बायकांचा प्रश्न राहिला. घाटमाथांनी 'कुठे जायचं' विचारलंय त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. बहुतेक तीस फुटी होडीत एक छोटं संडास असतं, दार असतं. पंपाने पाणी आत घ्यायचं आणि पंपानेच बाहेर ढकलायचं, कोणती कळ कुठं ते आधी शिकून घ्या. नियम असा की पोटातून आलेलं आणि थोडासा कागद, याशिवाय काही टाकायचं नाही. पॅड तर अजिबात नाही, वेगळी पिशवी न्या. पंप तुंबला तर तो उघडायचं काम ज्याच्या वाट्याला येतं तो पुन्हा तुम्हाला बोलावत नाही. आणि संडासला जायला नको म्हणून पाणी कमी प्यायची सवय आपल्याला असते, ती तिथं चालणार नाही. उन्हात, वाऱ्यात घाम आलेला कळतच नाही, डोकं दुखायला लागल्यावर कळतं.

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बांधायची दोरी असलेली टोपी, चष्म्याला दोरी. पाण्यावरून परत आलेलं ऊन हनुवटीखाली भाजतं. ओढणी, पदर, लटकणारं काहीही नको. रात्रीसाठी स्वेटर. होय, मुंबईतसुद्धा. दव पडतं.

काहीलवाला
खाण्याचं बोला की. भडंग न्या.

किनारा
भडंग नेऊ नका!! एकदा मिरजेच्या मित्रांना मुंबईला होडीवर नेलं होतं. दोन किलो भडंग. पहिली पुडी उघडली तशी वाऱ्याने अर्धी शिडात आणि अर्धी आमच्या डोळ्यांत, मसाल्यासकट. उरलेले चुरमुरे आणि शेंगदाण्याची सालं फटीतून तळाला. होडीच्या तळात थोडं पाणी साठतंच, ते काढायला पंप असतो, त्याच्या तोंडाला जाळी असते. ती जाळी चुरमुऱ्यांनी अशी बसली की पंप नुसता घरघरत होता. मी पालथा पडून हाताने फुगलेले चुरमुरे उपसले, लसणाच्या वासात. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा होडी लागली.

दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, केळी, गुळाची ढेप. हातात धरून एका हाताने खाता येईल असं. दुसरा हात होडीला.

हळदीचा_भाव
सांगलीच्या अस्मितेवर हल्ला. निषेध.

तापोळ्याचा_वारा
मी कोयनेच्या शिवसागर जलाशयावर लहानाचा मोठा झालो. घाटमाथा, बामणोलीची लॉन्च म्हणजे काहीच अनुभव नाही असं समजू नका. तिथं जे चुकतं तेच समुद्रावर चुकतं. मागे एकदा एका लॉन्चमध्ये होतो, नाव गाव नको. वासोट्याच्या बाजूच्या काठावर गवा दिसला. बाराच्या बारा जण मोबाइल काढून उजव्या बाजूला. लॉन्च अशी कलली की नावाडी जागेवरून उठला नाही, पण त्याचा आवाज आम्ही अजून विसरलो नाही: "गवा इथंच राहतोय, तुम्ही बसा!" सेल्फीला सगळ्यांनी एका बाजूला जायचं नाही, एवढं मुंबईला लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात धरण उतरलं की पाण्याखालची झाडांची खोडं वर येतात, तेव्हा जुने नावाडी वाट ठरवून जातात. समुद्रावरपण तसंच काहीतरी असणार.

किनारा
असतं, आणि ते दिवसातून दोनदा बदलतं. मुंबई बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला खूप कमी. आमच्याकडे आडाखा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास. मित्राकडे छापील कोष्टक असेलच, तेच खरं. पण निघायचा दिवस ठरवताना कॅलेंडरातला चंद्रपण बघा. नांगर टाकताना भरतीला जेवढी खोली दिसते तेवढी पहाटे राहत नाही.

वाऱ्याचं: शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना, ते तिथं घड्याळासारखे चालतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मंद, अकराच्या आसपास पडतो, दुपारी समुद्राकडून चढतो. चारपर्यंत १५ नॉट, म्हणजे ताशी २७-२८ किलोमीटर, सहज होतो. नवख्यांसाठी मजेची वेळ दीड-दोन. चारची वेळ ज्यांना पोट आहे त्यांची. शीड लहान करायचा विचार मनात आला की तेव्हाच करायचं, नंतर ते अवघड होतं.

विहिरीतला_सूर
बियर नेली तर चालेल का? सहलच आहे.

सुकाणू
नांगर पडल्यावर. तांडेलाला तर तेव्हाही जपून, रात्री नांगर घसरला तर उठायचं त्यालाच.

निवांत
हे सगळं वाचून मी महाबळेश्वरला वेण्णा तलावात पेडल बोट चालवायचं ठरवलं आहे.

कंदीपेढा
तिथंही जॅकेट घाला.

घाटमाथा
*(पाच आठवड्यांनी)* मंडळी, जाऊन आलो. धागा वर काढतोय.

धक्क्यावर पंधरा मिनिटं बसलो. मित्र आधी हसला, मग म्हणाला हे मीच सांगायला पाहिजे होतं. त्याच्या शिडीची एक खिट्टी गंजलेली निघाली, उघडतच नव्हती. तेल घालून, ठोकून सोडवली. त्यासाठी सुकाणू यांना दंडवत.

बायकोला अर्ध्या तासात मळमळायला लागलं. सुकाणू हातात दिलं. त्यानंतर मांडव्यापर्यंत तिने ते कुणाला दिलं नाही, मित्राने दोनदा मागितलं तरी. "डावीकडची पिवळी बोया धर" वगैरे बोलायला लागली. आता घरी गाडीपण तीच चालवते म्हणते.

जे कुणी सांगितलं नव्हतं ते रात्री कळलं. डोलकाठीवर आतून-बाहेरून दोऱ्या असतात, त्या वाऱ्याने काठीवर आपटतात. टण. टण. टण. अडीच वाजेपर्यंत कुणी झोपलं नाही. शेवटी मित्राने उठून दोरी ताणून बाजूला बांधली, म्हणाला रोजचं आहे, विसरलो. स्वेटर कमी पडला, वाईची_लेक बरोबर होत्या. संडासचा पंप सगळ्यांना नीट आला.

मी एक चूक केलीच. रविवारी शीड ओढताना दोरी हाताला एक वेढा दिला. वारा आला, तळव्याची कातडी गेली. किनारा, माफ करा, वाचलं होतं.

परतीला चारच्या सुमारास वारा चढला. आमचा मॅरेथॉनवाला तासाभरापासून गप्प होता, आम्हाला वाटलं निसर्ग बघतोय. होडीची कड पाण्याला लागली तेव्हा तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "खंबाटकी."

कुणी हसलं नाही. मित्राने होडी वाऱ्याकडे वळवली, मोठं शीड अर्ध्यावर आणलं, कलणं निम्म्यावर आलं. दहा मिनिटांनी मॅरेथॉनवाल्याने केळं मागितलं.

वाईची_लेक
आणि सासूबाई?

घाटमाथा
त्यांना अजून माझा हात दाखवलेला नाही. पुढच्या वेळी त्या येणार आहेत, सूनबाई चालवणार असेल तर.

काहीलवाला
भडंग नेला होता का?

घाटमाथा
नेला होता. डबा उघडला नाही.